मूट कोर्टच्या तोंडी फेरीसाठी भाषण पाठ करावे की प्रश्नांची तयारी करावी?

प्रश्न
*विधी अभ्यासक्रम, तिसरे वर्ष*

आमच्या महाविद्यालयाचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय कायद्यावरील मूट कोर्ट, म्हणजे अभिरूप न्यायालयातील युक्तिवादाच्या, स्पर्धेत उतरत आहे आणि अर्जदार, म्हणजे दावा आणणाऱ्या, देशाच्या बाजूने बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. प्रॉब्लेम, म्हणजे स्पर्धेसाठी दिलेले काल्पनिक प्रकरण, थोडक्यात असा आहे : दोन देशांतून वाहणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या देशाने एका रासायनिक कारखान्याला परवाना दिला, खालच्या देशाला पूर्वसूचना दिली नाही आणि काही वर्षांनी खालच्या देशातील पाणी दूषित झाल्याचे आढळले. प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आहे असे गृहीत धरायचे आहे. दोन्ही बाजूंची मेमोरियल, म्हणजे लेखी निवेदने, जवळपास तयार आहेत. अडचण आहे ती तोंडी फेरीची.

आमच्या संघात दोन मते आहेत. काहींचे म्हणणे असे की, स्पर्धेची भाषा आपली रोजची भाषा नसल्यामुळे दडपणाखाली शब्द सुचत नाहीत, म्हणून संपूर्ण युक्तिवाद शब्दशः लिहून पाठ करावा. इतरांचे म्हणणे असे की, न्यायपीठ सलग तीन मिनिटेही बोलू देत नाही, त्यामुळे पाठ केलेले भाषण पहिल्याच प्रश्नाला कोलमडते. मी काही मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांची चित्रमुद्रणे पाहिली. त्यांतील स्पीकर, म्हणजे युक्तिवाद करणारे विद्यार्थी, प्रश्न येताच स्वतःचा क्रम सोडून देतात, उत्तर देतात आणि कुठलाही सांधा न दिसता पुन्हा मूळ मुद्द्यावर येतात. हे कौशल्य नेमके कसे घडवले जाते, हे मला समजून घ्यायचे आहे.

आणखी दोन शंका आहेत. कारखान्यामुळेच पाणी दूषित झाले, या कार्यकारणभावाच्या मुद्द्यावर मला प्रामाणिकपणे विरुद्ध बाजू अधिक भक्कम वाटते. अशा वेळी आपल्या बाजूची मांडणी मनापासून कशी करावी? आणि दुसरी शंका अशी की, आमचे प्राध्यापक मूट हा वकिलीचा पाया मानतात, तर वकिली करणारे काही माजी विद्यार्थी सांगतात की प्रत्यक्ष न्यायालयाशी त्याचा फारसा संबंध नाही. ज्यांनी दोन्ही अनुभवले आहे, त्यांचे मत वाचायला आवडेल.

उत्तर १
*वकील; विद्यार्थिदशेत मूटमध्ये स्पीकर*

तुमच्या संघातील दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोन्ही मते तोंडी फेरीला भाषण समजून चालली आहेत. तोंडी फेरी हे भाषण नसते. लेखी मेमोरियल वाचून न्यायाधीशाच्या मनात ज्या शंका उरलेल्या असतात, त्यांचे निरसन करण्यासाठी मिळालेला तो मर्यादित वेळ असतो. १९६० पासून चालत आलेल्या जेसप या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील मूट स्पर्धेत एका संघाला साधारणपणे ४५ मिनिटे मिळतात, ती दोन स्पीकरमध्ये वाटून घ्यायची असतात आणि प्रत्युत्तराचा वेळही त्यातूनच राखून ठेवायचा असतो. म्हणजे तुमच्या वाट्याला वीस मिनिटे आली, तर त्यातली निम्मी प्रश्नोत्तरांत जातील असे धरूनच आखणी करावी. ज्या स्पीकरला एकही प्रश्न विचारला जात नाही, त्याने समाधान मानू नये. न्यायपीठाने त्याच्या मुद्द्यात लक्ष घातलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असण्याची शक्यता असते.

पाठ करायचेच असेल तर दोन तुकडे पाठ करावेत : सुरुवातीचे दीड मिनिट आणि शेवटची प्रार्थना, म्हणजे न्यायालयाकडे करायच्या मागण्या. सुरुवातीच्या दीड मिनिटात आपण कोणाच्या वतीने उभे आहोत, न्यायालयाने काय ठरवावे अशी आपली विनंती आहे, त्यासाठी आपण कोणते दोन किंवा तीन मुद्दे मांडणार आहोत आणि सहकारी स्पीकर कोणते मुद्दे घेणार आहे, एवढे आले पाहिजे. मधला सगळा भाग सुट्या खंडांत तयार करावा. प्रत्येक खंडाचा निष्कर्ष एका वाक्यात, त्यामागचे कारण दोन वाक्यांत, आधार म्हणून एक किंवा दोन निर्णय आणि प्रॉब्लेममधील संबंधित परिच्छेदांचे क्रमांक, असे एका पानावर मावले पाहिजे. हे खंड कोणत्याही क्रमाने बोलण्याचा सराव करावा. सहकाऱ्याने मध्येच ‘आता तिसरा मुद्दा’ म्हणावे आणि तुम्ही तिथून सुरू करावे. शिवाय वेळ संपत आली तर कोणता खंड संपूर्ण गाळायचा, हे आधीच ठरलेले असावे. तो निर्णय उभे असताना घेता येत नाही.

आता प्रश्नांच्या उत्तराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. तुमच्या प्रॉब्लेममध्ये न्यायाधीश हमखास विचारतील : ‘कारखाना प्रतिवादी देशाच्या हद्दीत आहे, एवढ्यावरून प्रदूषणाची माहिती त्या देशाला होती असे आम्ही मानावे का?’ यावर ‘होय, युवर एक्सलन्सी’ असे म्हणणारा स्पीकर पुढच्याच प्रश्नात अडकतो. ब्रिटन आणि अल्बानिया यांच्यातील कॉर्फू चॅनल प्रकरणात १९४९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे की, प्रदेशावर नियंत्रण आहे एवढ्याच कारणाने त्या देशाला माहिती होती असे ठरत नाही आणि सिद्धतेचा भारही, म्हणजे मुद्दा सिद्ध करण्याची जबाबदारीही, त्याच्यावर उलटत नाही. पण त्याच निर्णयात पुढे असेही आहे की, प्रदेशावर दुसऱ्या देशाचे अनन्य नियंत्रण असल्यामुळे पीडित देशाला प्रत्यक्ष पुरावा मिळवणे कठीण जाते, म्हणून त्याला परिस्थितीवरून अनुमान काढण्याची अधिक मोकळीक दिली पाहिजे. तेव्हा योग्य उत्तर असे सुरू होते : ‘नाही, केवळ हद्दीवरून नाही, परंतु परवान्याच्या अटी आणि तपासणीचे अहवाल एकत्र पाहिले असता ते अनुमान निघते.’ आधी सरळ होय किंवा नाही, मग कारण, मग आधार, मग प्रॉब्लेममधील परिच्छेद, आणि तिथून आपल्या खंडात परत. हा क्रम अंगवळणी पडला की तुम्ही म्हणता तो सांधा दिसेनासा होतो, कारण उत्तराचे शेवटचे वाक्यच पुढच्या मुद्द्याचे पहिले वाक्य झालेले असते.

याच निर्णयात एक अडचणीची जागाही आहे : अशी अनुमाने वाजवी संशयाला जागा ठेवणारी नसावीत, असे न्यायालय म्हणते. जाणकार न्यायाधीश तुमचे उत्तर ऐकून नेमके तिथे बोट ठेवेल. म्हणून प्रत्येक आधाराबरोबर त्याच आधारातील आपल्याविरुद्ध जाणारे वाक्य कोणते, याची नोंद त्या पानावर असावी.

प्रश्नामागचा हेतू ओळखणे हेही शिकण्यासारखे कौशल्य आहे. काही प्रश्न केवळ माहितीसाठी असतात. त्यांना एका वाक्यात उत्तर देऊन पुढे जावे. काही प्रश्न तुम्हाला मदत करण्यासाठी असतात आणि घाबरलेला स्पीकर त्यांनाही विरोध करत बसतो. काही प्रश्न तुमच्याकडून एखादी कबुली मिळवण्यासाठी असतात. कोणती कबुली दिल्याने आपले काही बिघडत नाही आणि कोणती दिल्यास संपूर्ण मुद्दा कोसळतो, याची रेषा संघाने बसून आखावी. निरुपद्रवी कबुली मोकळेपणाने देणाऱ्या स्पीकरवर न्यायपीठाचा विश्वास बसतो आणि तो पुढे कामाला येतो. ‘त्या मुद्द्याकडे मी नंतर येईन’ हे वाक्य मात्र कधीही वापरू नका. न्यायाधीशाला आत्ता उत्तर हवे असते, म्हणूनच त्याने आत्ता विचारलेले असते.

उत्तर २
*मूट संघात रिसर्चर. सध्या पदव्युत्तर अभ्यास*

वरील उत्तर पटले, पण मला वाटते की प्रश्नातच एक गोष्ट घाईने बाजूला ठेवली गेली आहे. ‘मेमोरियल जवळपास तयार आहेत, अडचण तोंडी फेरीची आहे’ असे तुम्ही लिहिले आहे. तोंडी फेरीत जे सुचते, ते मेमोरियल लिहिताना केलेल्या विचारातूनच सुचते. ज्याने ते स्वतः लिहिलेले नाही, किंवा दुसऱ्याने लिहिलेल्या भागावर कधी वाद घातलेला नाही, त्याला न्यायपीठासमोर उभे राहून त्याचे समर्थन करणे कठीण जाते. स्पीकर बोलणार आणि रिसर्चर शोधणार अशी कामाची कप्पेबंद वाटणी संघाला हळूहळू कमकुवत करते.

तुमच्या विषयातलेच उदाहरण घेते. सीमापार प्रदूषण म्हटले की प्रत्येक संघ ट्रेल स्मेल्टर निवाड्याचा, म्हणजे कॅनडातील धातू वितळवण्याच्या कारखान्याच्या धुराने अमेरिकेत झालेल्या नुकसानीविषयीच्या लवादाच्या निवाड्याचा, आधार घेतो. कोणत्याही देशाला आपल्या प्रदेशाचा वापर दुसऱ्या देशाच्या प्रदेशाला धुराने इजा होईल अशा रीतीने करण्याचा अधिकार नाही, हे त्यातील वाक्य बहुतेकांना माहीत असते. पण १९४१ चा तो निवाडा मुळातून वाचला तर लक्षात येते की, ते वाक्य तिथे संपत नाही; परिणाम गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे आणि इजा स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध झाली पाहिजे, अशा अटी त्याला जोडलेल्या आहेत. शिवाय कॅनडाने १९३५ च्या करारानेच आधीच्या नुकसानीपोटी अमेरिकेला ३,५०,००० डॉलर देण्याचे मान्य केले होते आणि त्याच करारात लवादाने आंतरराष्ट्रीय कायद्याबरोबर अमेरिकेतील कायदा व प्रथाही विचारात घ्याव्यात असे ठरले होते. आता प्रतिवादीच्या बाजूने बसून पाहा : हा निवाडा आपल्या प्रकरणापासून वेगळा आहे असे दाखवण्याच्या किती जागा मिळतात! आपल्या प्रकरणात दायित्वाची मान्यता नाही, लागू करायचा कायदा वेगळा, पुराव्याचा निकष कडक. अर्जदाराच्या स्पीकरला या जागा ठाऊक असतील तरच तो त्यांच्या पलीकडची मांडणी करू शकेल. ते तत्त्व पर्यावरणविषयक १९७२ च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आणि १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यात आले आणि अण्वस्त्रांच्या वैधतेविषयीच्या १९९६ च्या सल्लागार मतात खुद्द न्यायालयाने ते आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग असल्याचे म्हटले. म्हणजे आपला आधार एका लवादाचा निवाडा नसून त्यानंतर तयार झालेली संपूर्ण मालिका आहे. ‘हा लवादाचा निवाडा आमच्यावर बंधनकारक कसा?’ असे न्यायाधीशांनी विचारले तर तो बंधनकारक नाही हे सरळ मान्य करावे, न्यायालयाच्या संविधीतील कलम ३८ नुसार न्यायनिर्णय हे कायदा ठरवण्याचे दुय्यम साधन आहेत हे सांगावे आणि मग ही मालिका मांडावी.

हे सगळे केवळ सारांश वाचून येत नाही. निर्णय संपूर्ण वाचावेत आणि त्याला जोडलेली स्वतंत्र व विरोधी मतेही वाचावीत, कारण न्यायपीठाचे अवघड प्रश्न बहुधा विरोधी मतांतून येतात. विरुद्ध जाणारा निर्णय मेमोरियलमधून वगळण्याचा मोह आवरावा. त्याचा उल्लेख करून तो का लागू पडत नाही हे सांगणे हे प्रामाणिकपणाचे आहे आणि अधिक परिणामकारकही आहे.

मेमोरियलच्या शीर्षकांकडेही एकदा पाहा. ‘पूर्वसूचनेचे कर्तव्य’ हे शीर्षक विषय सांगते, युक्तिवाद सांगत नाही. ‘परवाना देण्यापूर्वी अर्जदार देशाला न कळवून प्रतिवादी देशाने पूर्वसूचनेचे कर्तव्य मोडले आहे’ हे पूर्ण वाक्य शीर्षक म्हणून दिले, की फक्त अनुक्रमणिका वाचणाऱ्या परीक्षकालाही तुमचा संपूर्ण युक्तिवाद कळतो. अशी पूर्ण वाक्ये लिहिता आली नाहीत, तर त्या मुद्द्याचा विचार अजून पुरा झालेला नाही असे समजावे.

न पटणाऱ्या बाजूविषयी : तुम्ही सत्यकथन करणारी साक्षीदार म्हणून उभ्या नसता, म्हणून ‘मला असे वाटते’ ही भाषा मूटमध्ये नसतेच, ‘अर्जदाराचे निवेदन असे आहे’ ही असते. वैयक्तिक मत आणि निवेदन यांतील हे अंतर ढोंग नव्हे. प्रत्येक पक्षाची बाजू कोणीतरी पूर्ण ताकदीने मांडल्याशिवाय न्यायालयाला निर्णयच करता येत नाही, या विश्वासावर संपूर्ण व्यवस्था उभी आहे. दोन्ही बाजूंचे मेमोरियल लिहायला लावतात ते त्यासाठीच. व्हिएन्ना येथे १९९३–९४ पासून भरणाऱ्या व्हिस या व्यापारी लवादाच्या मूटमध्ये तर प्रतिवादीचे निवेदन दुसऱ्या संघाने प्रत्यक्ष लिहिलेल्या दाव्याला उत्तर म्हणून लिहावे लागते. आपण कल्पिलेल्या सोयीच्या विरोधकापेक्षा खरा विरोधक किती वेगळा विचार करतो, हे तिथे कळते. कार्यकारणभावाचा मुद्दा कमकुवत वाटत असेल तर तो पहिला मांडू नका. पूर्वसूचना आणि पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन ही प्रक्रियेची कर्तव्ये आधी घ्या. ती मोडली हे दाखवायला प्रदूषण कारखान्यामुळेच झाले हे सिद्ध करावे लागत नाही.

उत्तर ३
*मूट फेऱ्यांत परीक्षक म्हणून बसणारे प्राध्यापक*

उत्तर २ मधील शेवटच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा देतो आणि त्याची पुढची बाजू दाखवतो. उरुग्वे नदीवरील कागदलगद्याच्या गिरण्यांच्या (अर्जेंटिना विरुद्ध उरुग्वे) प्रकरणात २०१० मध्ये न्यायालयाने जवळजवळ असाच निर्णय दिला : उरुग्वेने प्रक्रियेची कर्तव्ये मोडली, पण प्रदूषण रोखण्याची मूळ कर्तव्ये मोडली हे सिद्ध झाले नाही. त्याचा परिणाम प्रार्थनेवर झाला. अर्जेंटिनाला गिरणी बंद व्हायला हवी होती. न्यायालयाने कर्तव्यभंग झाल्याची घोषणा हेच पुरेसे समाधान मानले. प्रक्रियेचा मुद्दा पुढे घेणाऱ्या स्पीकरला मी नेहमी विचारतो की, ‘तुमचे सगळे मान्य केले तरी आम्ही तुम्हाला नेमके काय द्यावे?’ अनेक विद्यार्थी इथे गप्प होतात, कारण प्रार्थना हा मेमोरियलचा शेवटचा औपचारिक परिच्छेद म्हणून लिहिलेला असतो. प्रार्थनेतील प्रत्येक मागणी कोणत्या मुद्द्यावर उभी आहे आणि तो मुद्दा पडला तर कोणती मागणी शिल्लक राहते, याचा तक्ता स्पीकरच्या डोक्यात हवा.

परीक्षक काय पाहतात, हे अनेकांना गूढ वाटते. आमच्या हातात आयोजकांनी दिलेला बेंच मेमो असतो. त्यात प्रॉब्लेममधील अडचणीच्या जागा आणि दोन्ही बाजूंचे संभाव्य युक्तिवाद असतात. पण गुण देताना मी स्वतः एका गोष्टीला सर्वाधिक महत्त्व देतो : स्पीकर माझा प्रश्न पूर्ण ऐकून घेतो का? प्रश्न अर्धा असतानाच ओठ हलू लागले, की पुढचे उत्तर तयार करून आणलेल्या साच्यातले असणार हे कळते. प्रश्न संपल्यावर दोन-तीन सेकंद थांबून उत्तर दिले तर कुणीही गुण कापत नाही. ती शांतता बोलणाऱ्याला फार मोठी वाटते, ऐकणाऱ्याला विचारपूर्वक वाटते.

भाषेविषयीची तुमच्या संघाची भीती मी समजू शकतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत येणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांची ती रोजची भाषा नसते, हे परीक्षकांना माहीत असते. उच्चारांपेक्षा वाक्यांची लांबी अधिक घात करते. लेखी मेमोरियलमधील चार ओळींचे वाक्य तोंडाने म्हणू नये. छोटी वाक्ये, ठाम क्रियापदे आणि संथ गती एवढे पुरते. कायद्याच्या पाच-पंचवीस पारिभाषिक संज्ञा मात्र इतक्या सरावाच्या असाव्यात की त्यांसाठी अडखळावे लागू नये. विचार आपल्या भाषेत पक्का झालेला असेल तर तो दुसऱ्या भाषेत साध्या शब्दांत सांगता येतो; म्हणून पहिल्या काही सराव फेऱ्या संघाने स्वतःच्या भाषेत घ्याव्यात, असे माझे मत आहे. काही सहकारी प्राध्यापकांना हे पटत नाही, पण मुद्दा समजला आहे की केवळ पाठ झाला आहे, हे तपासण्याचा इतका खात्रीचा दुसरा मार्ग मला दिसलेला नाही.

सराव फेऱ्यांना न्यायपीठावर कोणाला बसवता, यावरही बरेच अवलंबून असते. संघातीलच मित्र प्रश्न विचारू लागले की ते त्यांना माहीत असलेल्या उत्तरांचेच प्रश्न विचारतात. दुसऱ्या विषयाचे शिक्षक, वकील, अगदी कायद्याशी संबंध नसलेला एखादा चिकित्सक वाचक यांनाही बसवावे. ‘पण त्याने एवढे काय बिघडले?’ हा साधा प्रश्न विषयतज्ज्ञ कधी विचारत नाही आणि अंतिम फेरीत तोच येतो. प्रत्येक फेरीनंतर विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवावेत, ज्यांचे उत्तर समाधानकारक झाले नाही त्यांवर खूण करावी आणि पुढच्या फेरीत तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायला सांगावे.

प्रत्युत्तराविषयी थोडक्यात : राखून ठेवलेला सगळा वेळ वापरण्याचे बंधन नसते. विरुद्ध बाजूने केलेली एक किंवा दोन खरी चूक विधाने निवडून, प्रॉब्लेममधील परिच्छेदाचा हवाला देऊन, ती खोडून काढावीत आणि बसावे. तुमच्या सहकाऱ्याने प्रतिवादीचा युक्तिवाद ऐकताना टिपणे काढली नसतील तर हे जमणार नाही. म्हणून वकिलांच्या टेबलाशी बसलेला तिसरा सदस्यही फेरीभर कामात असतो.

उत्तर ४
*सत्र व दिवाणी न्यायालयांत वकिली*

तुमच्या शेवटच्या शंकेवर लिहितो, कारण ‘फारसा संबंध नाही’ असे सांगणाऱ्यांत माझाही समावेश होऊ शकेल. मात्र त्या विधानाचा नेमका अर्थ काय ते सांगितले पाहिजे.

मूटमध्ये वस्तुस्थिती छापून दिलेली असते. बाराव्या परिच्छेदात लिहिले आहे की नमुने घेतले गेले, म्हणजे ते घेतले गेले. खटल्यात तेच सिद्ध करण्यात आमची वर्षे जातात. नमुना कोणी घेतला, सील कोणी लावले, प्रयोगशाळेत तो कोणत्या अवस्थेत पोहोचला, अहवालावर सही करणारा तपासनीस साक्षीला येतो का, आणि आला तर उलटतपासणीत टिकतो का, या प्रश्नांवर प्रकरणे जिंकली किंवा हरली जातात. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची साक्ष घेताना, उत्तर सुचवणारे प्रश्न न विचारता साक्षीदाराकडून कथन काढून घेणे आणि उलटतपासणीत एकही प्रश्न जास्त न विचारणे, हे मूट शिकवत नाही, कारण तिथे साक्षीदारच नसतो. अशीलही नसतो. अशिलाने अर्धवट सांगितलेली हकीकत, त्याने लपवलेला कागद, तडजोडीला तयार नसलेले त्याचे मन, यांतले काहीच मूटमध्ये येत नाही. मूट हा अपिलातील युक्तिवादाचा अभ्यास आहे आणि अपिलातील युक्तिवाद हा वकिलीचा एक भाग आहे, सगळी वकिली नव्हे.

वर उल्लेख झालेल्या गिरण्यांच्या प्रकरणातच याचे चांगले उदाहरण आहे. दोन्ही देशांनी आपले शास्त्रीय तज्ज्ञ वकिलांच्या भूमिकेत न्यायालयापुढे उभे केले होते. ते साक्षीदार म्हणून आले असते तर त्यांना प्रश्न विचारता आले असते आणि ते अधिक उपयुक्त ठरले असते, असे न्यायालयाने निर्णयात नोंदवले. जगातील सर्वोच्च पातळीच्या वादातही पुरावा कसा पुढे आणावा, हा प्रश्न युक्तिवादाइतकाच महत्त्वाचा ठरला.

लंडनच्या इन्स ऑफ कोर्ट या वकिलांच्या संस्थांमध्ये काही शतकांपूर्वी मूट हे शिक्षणाचे मुख्य साधन होते आणि तिथे प्रामुख्याने प्लीडिंगचा, म्हणजे दाव्याच्या नेमक्या मांडणीचा, कस लागत असे. त्या काळच्या न्यायालयात वकिलाला तेच रोज करावे लागे. आजच्या मूटने अपिलाचा भाग निवडला आहे, त्यामुळे उरलेले दुसरीकडून शिकावे लागते. तुमच्या महाविद्यालयात साक्षीदारांसह चालणारा अभिरूप खटला किंवा अशील-सल्ल्याची स्पर्धा होत असेल तर तीही करा. आणि खालच्या न्यायालयात जाऊन एखाद्या खटल्यातील साक्ष सलग ऐका.

तरीही मूट करणारा कनिष्ठ वकील माझ्याकडे आला तर मला आनंद होतो, याचेही कारण सांगतो. त्याला कागद वाचता येतो. अभिलेखातील, म्हणजे प्रकरणाच्या कागदपत्रांतील, पानाचा क्रमांक सांगितल्याशिवाय तो विधान करत नाही. न्यायाधीशांनी अडवले तर तो चिडत नाही आणि विझतही नाही. साक्ष घेण्याचे तंत्र त्याला दोन-तीन वर्षांत शिकवता येते. वाचनाची ही शिस्त पुढे लावणे फार अवघड जाते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे संघाबरोबर वाचली आणि आम्ही मुद्द्यांचा क्रम बदलून प्रक्रियेची कर्तव्ये आधी घेतली आहेत. प्रार्थनेचा तक्ताही करायला घेतला आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. न्यायाधीशांनी आम्ही न वाचलेल्या एखाद्या निर्णयाचे नाव घेतले, तर काय म्हणावे? आणि प्रॉब्लेममध्ये नसलेली वस्तुस्थिती विचारली, उदाहरणार्थ कारखान्याची शुद्धीकरण यंत्रणा कोणत्या प्रकारची होती, तर?

उत्तर १ लिहिणाऱ्यांकडून

पहिल्या प्रसंगी, तो निर्णय आपण वाचलेला नाही हे एका वाक्यात सांगावे आणि न्यायाधीशांनी त्यातील ज्या तत्त्वाचा उल्लेख केला असेल त्या तत्त्वावर उत्तर द्यावे : ‘तो निर्णय माझ्या वाचनात नाही; परंतु त्यातील तत्त्व आपण म्हणता तसे असेल, तर अर्जदाराचे निवेदन असे आहे की…’. वाचल्याचा आव आणू नये. काही परीक्षक अस्तित्वात नसलेल्या निर्णयाचे नाव मुद्दाम घेतात, असे मी ऐकून आहे. तसे असो वा नसो, खरे उत्तर दोन्ही वेळी सारखेच सुरक्षित आहे. न्यायालयाची दिशाभूल करायची नाही, हा वकिलाचा नियम विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे.

दुसऱ्या प्रसंगी प्रॉब्लेम आणि आयोजकांनी प्रसिद्ध केलेली स्पष्टीकरणे या मर्यादेबाहेर जाऊ नये. ‘अभिलेख याविषयी मौन बाळगतो’ असे म्हणून थांबू मात्र नका, कारण ते मौन कोणाच्या विरुद्ध जाते हाच न्यायाधीशाचा पुढचा प्रश्न असतो. शुद्धीकरण यंत्रणेची माहिती प्रतिवादी देशाच्या ताब्यात होती आणि ती त्याने दिली नाही, असे म्हणून तुम्ही कॉर्फू चॅनलमधील अनुमानाच्या मोकळीकीकडे परत येऊ शकता. न्यायाधीश त्यावर असे म्हणू शकतील की, गिरण्यांच्या प्रकरणात सावधगिरीच्या तत्त्वाने, म्हणजे पूर्ण शास्त्रीय खात्री नसली तरी गंभीर हानी टाळावी या तत्त्वाने, सिद्धतेचा भार उलटत नाही असे न्यायालयाने ठरवले आहे. त्याचे उत्तर तयार ठेवा : आम्ही भार उलटवण्याची विनंती करत नाही, भार आमच्यावरच आहे हे आम्हाला मान्य आहे, आणि तो उचलण्यासाठी उपलब्ध परिस्थितीवरून अनुमान काढू द्यावे, एवढेच आमचे निवेदन आहे. पुढच्या सराव फेरीत न्यायपीठावर बसणाऱ्यांना हे दोन्ही प्रश्न याच क्रमाने विचारायला सांगा.